मार्क्सचा वृत्तपत्रकार नातू

8 जुलै 1910 रोजी सकाळी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. मराठी वाचकाला ही हकिकत शाळेच्या वयापासून ठाऊक असते. त्यानंतर फ्रान्समध्ये काय घडले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. किनाऱ्यावर पोहोचलेल्या कैद्याला एका फ्रेंच शिपायाने पकडले आणि ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केले. दुसऱ्या दिवशी बोट मुंबईच्या वाटेला लागली. दोन्ही सरकारांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले होते. ते संपू दिले नाही पॅरिसच्या ‘ल्युमानिते’ या समाजवादी दैनिकाने. या दैनिकात परराष्ट्रीय घडामोडींवर लिहिणारा 34 वर्षांचा एक वकील होता. त्याचे नाव झाँ लोंगे. त्याच्या आईचे माहेरचे नाव जेनी मार्क्स, आणि आजोबा कार्ल मार्क्स.

लोंगे पुढे खासदार झाला, महायुद्धाच्या काळात आपल्या पक्षातल्या विरोधी गटाचा पुढारी झाला आणि आयुष्याच्या अखेरीस पॅरिसजवळच्या एका गावाचा महापौर होता. त्याच्या चढउतारांचा नकाशा काढायचा तर निवडणुकांपेक्षा वर्तमानपत्रांच्या मदतीने काढावा लागतो. कोणते पत्र कोणाच्या ताब्यात आहे, यावर त्या काळच्या फ्रान्समध्ये डाव्या पक्षांचे भवितव्य ठरत असे. लोंगेचेही ठरले.

आईची लेखणी

लोंगेच्या घराण्यात पत्रकारिता दोन्ही बाजूंनी आली होती. वडील शार्ल लोंगे हे नॉर्मंडीतल्या काँ गावचे. विद्यार्थिदशेत त्यांनी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीविरुद्ध ‘ला रिव्ह गोश’ हे पत्र चालवले आणि त्यापायी तुरुंगही पाहिला. 1871 च्या वसंतात पॅरिसमध्ये कम्यून या क्रांतिकारी नगरसरकारची सत्ता आली, तेव्हा तिचे अधिकृत वृत्तपत्र त्यांच्याकडे सोपवण्यात आले. कम्यून रक्तात बुडाल्यावर ते लंडनला निसटले. तिथे 1872 मध्ये मार्क्सच्या थोरल्या मुलीशी त्यांचा विवाह झाला.

जेनीचा पत्रकार म्हणून लौकिक तर त्याआधीचा. 1870 मध्ये आयरिश स्वातंत्र्यवादी कैद्यांना इंग्लंडच्या तुरुंगांत अमानुष वागणूक मिळत होती आणि ब्रिटिश वृत्तपत्रे त्याबद्दल गप्प होती. जेनीने ‘जे. विल्यम्स’ या टोपणनावाने पॅरिसच्या ‘ला मार्सेयेज’ या पत्रात आठ लेख लिहिले. त्यांतल्या एका लेखाला वडिलांचाही हात लागला होता. ओडोनोव्हन रोसा या कैद्याला टिपेररीच्या मतदारांनी तुरुंगात असतानाच संसदेवर निवडून दिले होते. हात पाठीमागे बांधून त्याला कसे ठेवले जात होते, हे त्याच्याच पत्रातून जगासमोर आले. बोभाटा इतका झाला की ग्लॅडस्टनच्या सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी रोसाची देशाबाहेर राहण्याच्या अटीवर सुटका झाली. ब्रिटनचा राजकीय कैदी, पॅरिसचे वर्तमानपत्र आणि त्यातून लंडनवर आलेला दबाव, असा हा प्रयोग जेनीने केला. चाळीस वर्षांनी तिच्या मुलाने तोच केला.

झाँचा जन्म 10 मे 1876 रोजी लंडनमध्ये झाला. घरात त्याला जॉनी म्हणत. 1880 मध्ये कम्यूनच्या निर्वासितांना माफी मिळाली आणि शार्ल लोंगे पॅरिसला परतून जॉर्ज क्लेमांसो या राजकीय पुढाऱ्याच्या ‘ला ज्युस्तिस’ या पत्रात काम करू लागले. मागोमाग जेनी मुलांना घेऊन आली. कुटुंब पॅरिसजवळ अर्जांतॉयला राहू लागले. मार्क्स 1881 च्या आणि 1882 च्या उन्हाळ्यात तिथे नातवंडांच्या सहवासासाठी येऊन राहिला. पण 11 जानेवारी 1883 रोजी जेनी गेली, वयाच्या 38 व्या वर्षी. दोनच महिन्यांनी, 14 मार्चला, मार्क्सही गेला. जॉनी तेव्हा सात वर्षांचाही नव्हता. आजोबांचे तत्त्वज्ञान कळायला तो फार लहान होता. आजोळाकडून त्याच्या हाती लागलेली उपयोगी ठेव म्हणजे इंग्रजी भाषा. फ्रेंच समाजवाद्यांत इतके सफाईदार इंग्रजी येणारे मोजकेच होते, आणि पुढची चाळीस वर्षे ब्रिटनच्या मजूर चळवळीशी फ्रेंच पक्षाचा संवाद बराचसा लोंगेच्या मार्फत चालला.

संपादकांचे प्रजासत्ताक

लोंगे ज्या पॅरिसमध्ये वाढला, तिथे संपादकाच्या खुर्चीतून मंत्र्याच्या खुर्चीत जाणे ही नित्याची गोष्ट होती. 29 जुलै 1881 च्या कायद्याने वृत्तपत्रांना व्यापक स्वातंत्र्य दिले होते. पत्र काढायला सरकारी परवानगी लागत नव्हती, अनामत रक्कमही भरावी लागत नव्हती. पक्ष मात्र ढिले होते. सदस्यनोंदणी, शाखा, शिस्त हे सारे पुढे आले. तोपर्यंत पुढाऱ्याचे वर्तमानपत्र हेच त्याचे पक्षकार्यालय असे. वाचक म्हणजे कार्यकर्ता आणि वर्गणी म्हणजे सदस्यत्व. क्लेमांसोची ‘ला ज्युस्तिस’ अशीच होती. 13 जानेवारी 1898 रोजी देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणावरचे एमिल झोलाचे प्रसिद्ध पत्र ज्या ‘लोरोर’मध्ये छापले गेले, तिथेही क्लेमांसोच लिहीत होता. समाजवादी पुढारी झाँ झोरेस हा मूळचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक; पण ड्रेफसच्या निर्दोषत्वाचे पुरावे त्याने ‘ला पतीत रेपुब्लिक’ या दैनिकातून क्रमाने मांडले आणि त्यातून त्याचे राष्ट्रीय नेतृत्व उभे राहिले.

कायद्याचे शिक्षण घेत असतानाच लोंगे समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात ओढला गेला होता. ‘ला पतीत रेपुब्लिक’मध्ये त्याने उमेदवारी केली. 18 एप्रिल 1904 रोजी झोरेसने ‘ल्युमानिते’ सुरू केले, तेव्हा लोंगे त्याच्याबरोबर गेला. लेखकमंडळात विद्वानांची दाटी होती. आनातोल फ्रान्स होता, आणि साहित्यावर लिहिणारा लेओं ब्लूम नावाचा तरुणही होता. खप मात्र लवकरच घसरला आणि पहिली काही वर्षे पत्राने उसनवारीवर काढली. 1905 मध्ये फ्रान्समधले भांडणारे समाजवादी गट एका पक्षात आले. त्या एकीला टिकवून धरण्यात या दैनिकाचा वाटा मोठा होता.

लोंगेकडे जगाच्या बातम्या आल्या. त्याचे लिखाण झोरेससारखे ओजस्वी नव्हते. तो कागदपत्रे जमवणारा, नावे आणि तारखा तपासणारा, परदेशातल्या पक्षांची आकडेवारी तोंडपाठ असणारा पत्रकार होता. 1909 मध्ये रशियन क्रांतिकारकांच्या सशस्त्र संघटनेचा प्रमुख आझेव्ह हाच झारच्या पोलिसांचा हस्तक असल्याचे उघड झाले, तेव्हा लोंगेने एका सहलेखकाबरोबर रशियन गुप्त पोलिसांच्या कारवायांवर पुस्तक लिहिले. 1913 मध्ये त्याने जगातल्या समाजवादी चळवळींचा जाडजूड आढावा प्रसिद्ध केला. पॅरिसमध्ये आसरा घेतलेले रशियन, पोलिश, आर्मेनियन आणि हिंदी राजकारणी या माणसाचा पत्ता ठेवून असत, त्याचे कारण हेच.

मार्सेलिसचा प्रश्न

पॅरिसमधल्या हिंदी क्रांतिकारकांत मादाम भिकाजी कामा यांचे स्थान मध्यवर्ती होते. 1907 च्या स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत त्यांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला होता आणि युरोपातल्या समाजवाद्यांशी त्यांच्या ओळखी होत्या. सावरकरांच्या अटकेनंतर या ओळखी कामी आल्या. ‘ल्युमानिते’ने बातमी उचलून धरली. लोंगेने लेखणी आणि वकिली दोन्ही पणाला लावल्या.

त्याचा मुद्दा साधा होता, आणि म्हणूनच सरकारला अडचणीचा. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय आरोपीला आश्रय मागण्याचा हक्क आहे. ब्रिटनला तो हवा असेल तर त्याने रीतसर मागणी करावी, आणि गुन्हा राजकीय आहे की नाही हे फ्रेंच अधिकाऱ्यांनी ठरवावे. एका शिपायाने काही मिनिटांत माणूस परक्या पोलिसांच्या हाती द्यावा, ही पद्धत प्रजासत्ताकाची नव्हे. आरोपी हिंदू आहे की ख्रिस्ती, त्याची मते समाजवादी आहेत की नाहीत, याच्याशी या युक्तिवादाला कर्तव्य नव्हते. सावरकरांवरच्या आरोपांत नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाला मदत केल्याचाही आरोप होता. लोंगेच्या मांडणीत तोही न्यायालयासमोर तपासण्याचा विषय होता, मधल्या मधे निकालात काढण्याचा नव्हता.

सरकारात बसलेली माणसे कोण होती, हे पाहिले की या मोहिमेची धार कळते. पंतप्रधान होता आरिस्तीद ब्रियाँ. सहा वर्षांपूर्वी ‘ल्युमानिते’ उभे करताना तो झोरेसच्या सोबत होता. 1906 मध्ये मंत्रिपद घेऊन तो पक्षातून बाहेर पडला. परराष्ट्रमंत्री स्तेफान पिशाँ. हा ‘ला ज्युस्तिस’मध्ये लोंगेच्या वडिलांचा सहकारी होता. म्हणजे लोंगे ज्यांना जाब विचारत होता ते त्याच्याच व्यवसायातले, त्याच्याच ओळखीच्या वर्तुळातले लोक होते. त्याच ऑक्टोबरात ब्रियाँने रेल्वे कामगारांचा संप मोडला. त्यासाठी त्याने कामगारांना लष्करी सेवेत बोलावल्याचा हुकूम काढला. जुन्या मित्रांतले अंतर आता भरून निघण्यापलीकडे गेले होते.

आपल्याकडच्या काही लिखाणात झोरेसला मार्सेलिसचा महापौर म्हटलेले आढळते. तो कधीही मार्सेलिसचा महापौर नव्हता. दक्षिण फ्रान्समधल्या तार्न जिल्ह्याचा तो खासदार होता. या प्रकरणात त्याचे बळ होते ते दैनिकाचा संचालक आणि संसदेतला समाजवादी पुढारी म्हणून.

वर्तमानपत्रातला हा गदारोळ फुकट गेला नाही. फ्रान्सने ब्रिटनकडे सावरकरांना परत पाठवण्याची मागणी केली. ब्रिटनने नकार दिला. 25 ऑक्टोबर 1910 रोजी दोन्ही सरकारांनी प्रकरण हेगच्या लवादाकडे सोपवण्याचा करार केला. पाच लवाद नेमले गेले. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट होते. फ्रान्सतर्फे कायदेपंडित लुई रनो होते आणि ब्रिटनतर्फे लॉर्ड डेझर्ट. उरलेले दोघे नॉर्वे आणि हॉलंडचे. खटला दोन राज्यांमधला होता. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्याला बाजू मांडायला जागा नव्हती. दरम्यान मुंबईतल्या न्यायालयाने थांबायचे नाकारले, आणि 30 जानेवारी 1911 पर्यंत सावरकरांना दोन जन्मठेपी झाल्याही होत्या.

24 फेब्रुवारीला निकाल लागला. त्यातली कागदोपत्री साखळी वाचण्यासारखी आहे. सावरकर ‘मोरिया’वर असणार, हे लंडनच्या पोलिसांनी 29 जूनलाच पॅरिसच्या पोलिसांना कळवले होते. अनुचित प्रकार घडू नये म्हणून सूचना दिल्याचे पॅरिसचे उत्तर 9 जुलैच्या तारखेचे होते, म्हणजे उडीच्या दुसऱ्या दिवशीचे. 9 जुलैच्या सकाळी बोट सुटेपर्यंत कोणाही फ्रेंच वरिष्ठाने शिपायाची कृती नाकारली नव्हती. तेव्हा ब्रिटिश पोलिसांनी सद्भावनेनेच कैदी स्वीकारला, असे लवादाने मानले. अटकेत आणि ताबा देण्यात अनियमितता झाली हे गृहीत धरले, तरी अशा चुकीपायी कैदी परत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, असा निर्णय त्यांनी दिला. सावरकर त्याच वर्षी अंदमानला गेले.

खटला हरला, पण तो उभा राहिला हेच विलक्षण होते. साम्राज्याचा एक कैदी परत द्यायचा की नाही, यासाठी ब्रिटनला आंतरराष्ट्रीय लवादासमोर यावे लागले. बेकायदा रीतीने ताब्यात आलेल्या आरोपीवर खटला चालवता येतो का, या प्रश्नाची चर्चा करताना कायद्याची पुस्तके आजही सावरकर प्रकरणाचा दाखला देतात.

युद्ध आणि कोऱ्या जागा

1914 च्या वसंतात लोंगे पॅरिसच्या दक्षिणेकडच्या उपनगरांतून संसदेवर निवडून आला. समाजवाद्यांना शंभरावर जागा मिळाल्या होत्या. युद्ध टाळण्यासाठी युरोपभरच्या कामगार पक्षांनी एकत्र यावे, या झोरेसच्या धोरणाला इतके बळ पूर्वी कधी नव्हते. ते तीन महिनेही टिकले नाही. 31 जुलै 1914 च्या रात्री ‘ल्युमानिते’ची मंडळी कचेरीजवळच्या ‘काफे द्यु क्रोआसाँ’मध्ये जेवायला बसली होती. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती. पावणेदहाच्या सुमारास राऊल व्हिलँ नावाच्या राष्ट्रवादी तरुणाने त्या खिडकीतून झोरेसवर गोळ्या झाडल्या. लोंगे त्याच टेबलावर होता.

चारच दिवसांनी संसदेने युद्धखर्चाला एकमताने मान्यता दिली. लोंगेचेही मत त्यात होते. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलेले असताना देशाच्या संरक्षणाला नकार देणे त्याला शक्य वाटले नाही. पण युद्ध लांबले, पक्षाचे मंत्री सरकारात बसले आणि ‘ल्युमानिते’चा सूर सरकारी निवेदनांसारखा झाला, तसा तो अस्वस्थ होऊ लागला. मे 1915 मध्ये लिमोज परिसरातल्या शाखेने एक पत्रक काढले. तटस्थ आणि शत्रू देशांतल्या समाजवाद्यांशी बोलणी सुरू करा आणि वाटाघाटीने शांतता शोधा, अशी त्यात मागणी होती. लोंगे या विरोधी प्रवाहाचा पुढारी झाला.

मत होते, पण पत्र नव्हते. झोरेसचे दैनिक बहुमताच्या हाती होते. म्हणून 1916 मध्ये ‘ल पोप्युलेर’ हे साप्ताहिक निघाले, आणि 1918 च्या एप्रिलमध्ये ते पॅरिसचे दैनिक झाले. पोल फोर हा लिमोजकडचा पत्रकार या कामात त्याचा साथी होता. युद्धकाळात सेन्सॉरचे राज्य होते. फ्रेंच पत्रकारांनी सेन्सॉरला ‘आनास्तासी’ हे नाव ठेवले होते. व्यंगचित्रांत ती भली मोठी कात्री घेतलेली म्हातारी असे. आनास्तासीने कापलेल्या मजकुराच्या जागी कोरे रकाने छापले जात. राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी तर लोंगेचे जर्मन आजोळच बाहेर काढले. लंडनमध्ये जन्मलेला, कम्यूनमधल्या फ्रेंच क्रांतिकारकाचा हा मुलगा त्यांच्या लेखी शत्रूचा नातू होता.

1917 मध्ये स्टॉकहोमला सर्व देशांच्या समाजवाद्यांची शांतता परिषद भरवण्याचे घाटत होते. फ्रेंच सरकारने प्रतिनिधींना पारपत्रे नाकारली. त्याने उलटा परिणाम झाला. खंदकांतल्या बंडाळ्या, संप आणि रशियातली क्रांती यांनी पक्षातले वारे फिरवले. 1918 च्या जुलैमध्ये लोंगेचा गट पक्षात बहुमतात आला, आणि ऑक्टोबरच्या अधिवेशनाने त्यावर शिक्का मारला. पक्षाचे चिटणीसपद फ्रोसारकडे गेले आणि ‘ल्युमानिते’चे संचालकपद मार्सेल काशाँकडे. लोंगे विजयी झाला होता. पण पक्षाचे मोठे दैनिक त्याच्या हाती आले नाही. दोन वर्षांनी या गोष्टीची किंमत त्याला मोजावी लागली.

तूरचा पराभव

18 सप्टेंबर 1919 रोजी लोंगेने व्हर्सायच्या तहाविरुद्ध संसदेत प्रदीर्घ भाषण केले. हा तह पुढच्या युद्धाची बीजे पेरतो, असे त्याचे म्हणणे होते. 2 ऑक्टोबरला संसदेने 372 विरुद्ध 53 मतांनी तह मंजूर केला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत उजव्या आघाडीची लाट आली आणि लोंगेची जागा गेली. त्याच भाषणावर मॉस्कोहूनही प्रहार झाला. ट्रॉट्स्कीने त्यावर स्वतंत्र लेख लिहून त्याच्या संसदीय सभ्यतेची खिल्ली उडवली. लेनिनला तर ‘लोंगेपंथी’ हे मधल्या वाटेवर रेंगाळणाऱ्यांचे सोयीस्कर नाव सापडले होते. उजव्यांच्या लेखी हा मार्क्सचा नातू म्हणून गुन्हेगार होता, आणि मार्क्सचे वारस म्हणवणाऱ्यांच्या लेखी पुरेसा क्रांतिकारक नव्हता.

याच काळात ‘ल पोप्युलेर’च्या कचेरीत एक किरकोळ अंगाचा व्हिएतनामी तरुण येऊ लागला. फोटोंना रंग भरण्याचे काम करून तो पोट भरत असे आणि गुयेन आय क्वोक या नावाने लिहीत असे. 1919 च्या शरदात इंडोचायनातल्या फ्रेंच राजवटीवरचे त्याचे लेख लोंगेच्या दैनिकाने छापले. पुढे जग त्याला हो चि मिन्ह या नावाने ओळखू लागले.

डिसेंबर 1920 मध्ये तूर शहरात पक्षाचे अधिवेशन भरले. प्रश्न एकच होता: लेनिनच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेत जायचे की नाही. लोंगेला जायचे होते, पण आपल्या अटींवर. पक्षाची अंतर्गत लोकशाही आणि अल्पमताचा हक्क त्याला सोडायचा नव्हता. मॉस्कोच्या 21 अटींपैकी सातव्या अटीत मात्र ज्यांना खपवून घेतले जाणार नाही अशांची नावे होती. त्यांत जर्मनीचा काउट्स्की, इटलीचा तुराती, ब्रिटनचा मॅकडोनल्ड यांच्याबरोबर लोंगेचेही नाव होते. अधिवेशन चालू असतानाच मॉस्कोहून या संघटनेचा प्रमुख झिनोव्हिएव्ह याची तार आली. लोंगे आणि त्याचे सहकारी हे कामगारवर्गात भांडवलदारांचे हस्तक आहेत, असा तिचा आशय होता. एकीची उरलीसुरली आशा तारेने संपवली.

वसाहतींच्या प्रश्नावर गुयेन आय क्वोक बोलायला उभा राहिला. इंडोचायनातल्या अत्याचारांकडे पक्षाने दुर्लक्ष केले, असे तो म्हणाला, तेव्हा लोंगेने मध्येच उठून आपण स्थानिक लोकांची बाजू मांडल्याची आठवण करून दिली. वक्त्याने त्याला शांत बसवले. मतदानात त्याने आपले लेख छापणाऱ्या संपादकाला सोडले आणि लेनिनच्या बाजूने मत दिले. त्याची बाजू समजण्यासारखी होती. खासदार असताना लोंगे फार तर संसदेत प्रश्न विचारू शकत होता. लेनिन वसाहतींना स्वातंत्र्याचा कार्यक्रम देत होता.

काशाँ आणि फ्रोसार यांच्या ठरावाला 3208 मते पडली, लोंगेच्या ठरावाला 1022. पक्ष फुटला. बहुमताने साम्यवादी पक्ष स्थापन केला आणि झोरेसचे ‘ल्युमानिते’ त्या पक्षाकडे गेले. अल्पमताकडे समाजवादी पक्षाचे जुने नाव उरले, आणि लोंगेचे ‘ल पोप्युलेर’. 1921 पासून तेच पक्षाचे दैनिक झाले. त्याची राजकीय सूत्रे ब्लूमकडे गेली, आणि पंधरा वर्षांनी हाच ब्लूम फ्रान्सचा पहिला समाजवादी पंतप्रधान झाला. विरोधी गटाचा आवाज म्हणून काढलेल्या साप्ताहिकाने पराभूत पक्षाला पुन्हा उभे राहायला जागा दिली. लोंगेच्या राजकीय कर्तृत्वातला सर्वांत टिकाऊ भाग मला हाच वाटतो.

महापौर

1925 मध्ये लोंगे पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या शातने-मालाब्रीचा महापौर झाला आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिला. क्रांतीच्या व्याख्येवर ज्याची हेटाळणी झाली, तो आता नळ, शाळा आणि घरे यांच्या फायली पाहू लागला. 1931 पासून तिथे ‘ब्युत रूज’ ही उद्यानवसाहत उभी राहू लागली. उतारावरची झाडे राखून, मध्ये मोकळी जागा सोडून बांधलेली ही कामगारांसाठीची स्वस्त भाड्याची घरे होती. सेन जिल्ह्याच्या सार्वजनिक गृहनिर्माण कचेरीची ही योजना, आणि आंरी सेलिए हा समाजवादी पुढारी तिचा सूत्रधार. फ्रान्समधल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या इतिहासात या वसाहतीचे नाव आदराने घेतले जाते.

1932 ते 1936 तो पुन्हा संसदेत होता. वसाहतींचा विषय त्याने सोडला नव्हता. 1932 मध्ये मोरोक्कोतल्या तरुण राष्ट्रवाद्यांची बाजू मांडणारे ‘मघ्रेब’ नावाचे मासिक पॅरिसमध्ये निघाले. ते चालवण्यात त्याचा वकील मुलगा रोबेर-झाँ पुढे होता. अशा रीतीने जेनीपासून तिसऱ्या पिढीपर्यंत हा धंदा चालू राहिला: साम्राज्याच्या राजधानीतून साम्राज्याविरुद्ध छापणे. सप्टेंबर 1938 मध्ये मोटार अपघातात जखमी होऊन लोंगे एक्स-ले-बँ इथे मरण पावला. त्यानंतर तीनच आठवड्यांत म्युनिकचा करार झाला. व्हर्सायच्या तहाबद्दलचे त्याचे भाकीत वर्षभरात खरे ठरले.

लोंगेच्या हातून मोठे सिद्धान्त झाले नाहीत, तो कधी मंत्रीही झाला नाही, आणि महत्त्वाच्या बहुतेक मतदानांत तो हरला. त्याच्या पिढीतल्या ब्रियाँने संपादकाची खुर्ची सोडली ती पंतप्रधान होण्यासाठी. काशाँने ती मॉस्कोच्या शिस्तीखाली सांभाळली. लोंगेने दोन्हीपैकी काहीच केले नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या इतिहासांत त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. पण वर्तमानपत्रातून राजकारणात आलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची तर कसोटी एकच असावी: सत्ता किंवा बहुमत आपल्याच माणसांच्या हाती असताना त्याने काय छापले आणि काय गिळले. त्या कसोटीला लोंगे 1910 मध्ये उतरला, 1914 मध्ये डळमळला आणि 1916 पासून पुन्हा उतरला. त्याच्या काळातल्या फार थोड्या संपादक-पुढाऱ्यांबद्दल एवढे म्हणता येते.